बॅटरी संपण्याआधी सर्व्हर बंद होतो का?

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जून लागला की लाईट जायला वेळकाळ राहत नाही. वाऱ्याने फांदी तारेवर येते, फीडर बंद पडतो आणि डोंगराकडच्या पाड्यांवर वीज परत कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. डहाणूच्या खाडीजवळ ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उभं आहे, पण त्याची वीज मुंबईच्या उपनगरांसाठी जाते. कोसबाडची टेकडी तिथून फार लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ मध्ये बोर्डीहून आपलं ग्राम बाल शिक्षा केंद्र जिथे आणलं, गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र जिथे आहे, ती ही टेकडी. अशा भागातल्या शाळा, वसतिगृहं, दवाखाने, वाचनालयं आता संगणकावर येत आहेत. कुठे ग्रंथालयाचं कोहा, कुठे हजेरीचा डेटाबेस, कुठे इंटरनेटशिवाय चालणारी शैक्षणिक सामग्री. हे सगळं बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या एका लिनक्स सर्व्हरवर चालतं आणि त्या सर्व्हरच्या पाठीशी एक यूपीएस असतो, बस्स.

सर्व्हर बंद व्हायला किंवा रीबूट व्हायला फार वेळ घेतो ही तक्रार जगभरची आहे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये ती फक्त कंटाळ्याची गोष्ट असते, कारण लाईट गेली तरी डिझेल जनरेटर लगेच भार उचलतो. टेकडीवरच्या एका खोलीत मात्र तोच प्रश्न माहिती वाचण्या-न वाचण्याचा होतो. म्हणून या विषयाकडे पाहताना मी आधी एकच गोष्ट विचारतो: आपल्या यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते आणि आपला सर्व्हर खरोखर किती मिनिटांत बंद होतो? हे दोन्ही आकडे घड्याळ लावून मोजलेले असले पाहिजेत. ते नसताना सेटिंगमध्ये हात घालणं धोक्याचं आहे.

लिनक्स बंद होताना नेमकं काय करतो ते आधी पाहू. जुन्या सिस्टिम फाइव्ह पद्धतीत बंद करण्याच्या स्क्रिप्ट एकामागून एक चालत. शेवटी उरलेल्या प्रोसेसना आधी सिगटर्म, म्हणजे 'आवरा आता' असा इशारा जाई, आणि काही सेकंदांनी सिगकिल, म्हणजे थेट शेवट. २०१० मध्ये या पद्धतीची जागा घेणारं सिस्टमडी आलं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये आणि डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने २०१५ मध्ये ते स्वीकारलं. तेव्हापासून ज्या सर्व्हिसचा एकमेकींशी संबंध नाही त्या एकाच वेळी थांबवल्या जातात आणि ज्यांचा क्रम लावलेला आहे त्या चालू होण्याच्या उलट क्रमाने. याचा परिणाम असा, की बंद होण्याचा एकूण वेळ सगळ्या सर्व्हिसच्या वेळांची बेरीज नसतो. एकमेकींवर अवलंबून असलेल्यांची जी सर्वांत लांब साखळी असेल, तिच्यावर तो ठरतो.

प्रत्येक सर्व्हिसला थांबायला दिलेली मूळ मुदत ९० सेकंदांची. पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' अशी ओळ येते आणि शेजारी दीड मिनिटाचं घड्याळ सरकत राहतं, ते हेच. पण दीड मिनिट झालं की सुटलो असं नाही. सर्व्हिस थांबवायची वेगळी आज्ञा लिहिलेली असेल तर तिची मुदत वेगळी. ती संपल्यावर सिगटर्मची मुदत. त्यानंतर सिगकिल देऊन पुन्हा वाट. एकच हट्टी सर्व्हिस तीन-चार मिनिटं सहज खाऊ शकते. सगळ्या सर्व्हिस आटोपल्यावर जी मंडळी उरतात त्यांच्यासाठी शेवटची फेरी होते. मग फाइलसिस्टिम अनमाउंट होतात, स्वॅप बंद होतो, रेड आणि एलव्हीएमचे थर सुटतात.

ही मुदत कमी करावी का, यावर मोठी चर्चा झाली आहे. फेडोरा ३८ साठी ती १५ सेकंदांवर आणण्याचा प्रस्ताव होता. बऱ्याच वादानंतर ४५ सेकंद ठरले आणि एप्रिल २०२३ मध्ये ती आवृत्ती आली. घरगुती लॅपटॉपसाठी ते ठीक आहे. सर्व्हरसाठी मात्र सरसकट मुदत कापणं मला पटत नाही. रखडणं हे लक्षण आहे. मुदत कापली की लक्षण दिसेनासं होतं आणि एखादी सर्व्हिस अर्ध्या कामातून उठवली जाते, जी कदाचित डिस्कवर नोंदी लिहीत होती.

आता कोण रखडवतं ते पाहू. सर्वांत किरकोळ प्रकार म्हणजे लॉगिन करून तसंच सोडलेलं सेशन. कुणी टीमक्समध्ये काम चालू ठेवून निघून जातं. बंद होताना 'यूजर मॅनेजर' किंवा 'सेशन' या नावाने घड्याळ सुरू होतं. सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीने २०१६ मध्ये लॉगआउटबरोबर सगळ्या प्रोसेस मारून टाकण्याचा नियम मूळ सेटिंग म्हणून आणला, तेव्हा लोक चिडले आणि डेबियनने तो बंद ठेवला. सेशनमध्ये नेमकं काय अडकलंय ते एकदा पाहिलं की हा प्रश्न सुटतो.

डेटाबेसचं प्रकरण गंभीर आहे आणि तिथे वेळ लागणं बरेचदा रास्त असतं. मारियाडीबीचं इनोडीबी इंजिन बदललेली पानं आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर लिहितं. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि भरपूर रॅम असली तर बंद होताना त्या पानांचा ढीग लिहायला काही मिनिटं जातात. मारियाडीबीच्या सर्व्हिस फाइलमध्ये मुदत ९०० सेकंदांची ठेवलेली असते ती यासाठीच. कुणी ती ३० सेकंदांवर आणली तर सर्व्हर पटकन बंद होईल खरा, पण पुढच्या वेळी चालू होताना इंजिन लॉग वाचून सगळं पूर्ववत करत बसेल. म्हणजे वाचवलेला वेळ दुसऱ्या टोकाला भरावा लागतो. योग्य मार्ग वेगळा आहे: ठरवून बंद करायचं असेल तेव्हा काही मिनिटं आधी बदललेल्या पानांच्या प्रमाणाची मर्यादा शून्यावर आणावी, पानं लिहून होऊ द्यावीत, मग बंद करावं.

पोस्टग्रेसमध्ये गंमत निराळी आहे. त्याला थांबवायचे तीन प्रकार आहेत. सिगटर्म मिळाला की तो 'स्मार्ट' पद्धतीने थांबतो, म्हणजे जोडलेले सगळे क्लायंट आपणहून निघून जाईपर्यंत वाट पाहतो. सिगइंट मिळाला तर 'फास्ट': चालू व्यवहार रद्द करून, सगळं नीट लिहून थांबतो. सिगक्विट मिळाला तर 'इमिजिएट': काहीही न आवरता उठतो आणि पुढच्या वेळी दुरुस्ती करतो. त्याच्या स्वतःच्या थांबवण्याच्या आज्ञेने ९.५ आवृत्तीपासून 'फास्ट' हीच मूळ पद्धत केली. पण कुणी स्वतः लिहिलेल्या सर्व्हिस फाइलमध्ये इशारा बदलायचा राहिला, तर सिस्टमडी सिगटर्म पाठवतं आणि ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरने उघडं ठेवलेलं एकच कनेक्शन सर्व्हर अडवून ठेवतं. सर्व्हिस फाइलमधली एक ओळ बदलून सिगइंट लिहिलं की हे संपतं. अशा वेळी मुदत कापणारा माणूस रोग तसाच ठेवून डेटाबेसला सिगकिल देत असतो.

आणि मग एनएफएस. दुसऱ्या यंत्रावरचं फोल्डर आपल्याच डिस्कसारखं जोडणारी ही सोय सन कंपनीने १९८४ मध्ये आणली आणि रखडणाऱ्या सर्व्हरच्या कहाण्यांमध्ये ती जितकी भेटते तितकं क्वचितच दुसरं काही भेटतं. मांडव सोडताना आधी कनात उतरते, मग वासे आणि खांब सर्वांत शेवटी. इथे नेमका खांब आधी काढला जातो. नेटवर्क आधी बंद होतं, त्यावर टेकलेलं फोल्डर अनमाउंट व्हायचं राहतं आणि कर्नल पलीकडच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत बसतो. एनएफएसचं मूळ वागणं 'हार्ड' आहे: उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारायचं, हार मानायची नाही. यात अडकलेली प्रोसेस डी अवस्थेत जाते आणि तिच्यापर्यंत इशारेच पोचत नाहीत. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून एनएफएसवर वाट पाहणाऱ्या प्रोसेसना निदान सिगकिल लागू पडायला लागला, पण न लिहिलेली माहिती बाकी असली की अनमाउंट तरीही लटकतो. १२० सेकंदांनी कर्नल 'टास्क ब्लॉक्ड' अशी तक्रार लॉगमध्ये लिहितो, तीच खूण.

छोट्या संस्थेत हे दुप्पट घडतं, कारण लाईट जाते तेव्हा एनएफएस देणारं यंत्र किंवा मधला नेटवर्क स्विच बहुधा यूपीएसवर नसतोच. सर्व्हर जिवंत, पलीकडचा मेलेला. म्हणून पहिला उपाय विजेचा: स्विचही त्याच यूपीएसवर घ्यावा, त्याचा भार फार कमी असतो. दुसरा उपाय एफएसटॅबमध्ये: त्या ओळीत हे नेटवर्कवरचं फोल्डर आहे असं सांगणारा '_नेटडेव्ह' पर्याय असावा, म्हणजे सिस्टमडी त्याचा क्रम नेटवर्कशी बांधतं. शक्य असेल तर ऑटोमाउंट वापरावा, म्हणजे फोल्डर फक्त गरजेपुरतं जोडलं जातं आणि वापर नसताना सोडलं जातं. 'सॉफ्ट' माउंट करून टाका असा सल्ला बरेच जण देतात. नुसतं वाचण्यापुरत्या फोल्डरसाठी तो चालेल. जिथे लिहिलं जातं तिथे तो घेऊ नये, कारण मधेच हार मानणारं माउंट प्रोग्रामला एरर देतं आणि फाइल अर्धवट राहू शकते.

कंटेनर वापरणाऱ्यांचं दुखणं छोटं पण सार्वत्रिक आहे. डॉकर कंटेनरला थांबायला १० सेकंद देतो, मग मारतो. कंटेनरमधली पहिली प्रोसेस शेल असेल तर ती सिगटर्म आतल्या प्रोग्रामपर्यंत नेतच नाही, त्यामुळे दहाच्या दहा सेकंद वाया जाऊन शेवटी सगळं मारलं जातं. डॉकरला 'इनिट' पर्याय दिला, किंवा चालू करायची आज्ञा शेलशिवाय लिहिली, की तोच कंटेनर क्षणात थांबतो. आभासी यंत्रं असतील तर लिबव्हर्ट प्रत्येक पाहुण्या यंत्राला मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांपर्यंत वेळ देतं. आतल्या यंत्राला बंद होण्याचा इशारा कळतच नसेल, तर ती पाच मिनिटं फुकट जातात. यूपीएसवरच्या खोलीत हा आकडा सगळं गणित मोडतो.

शेवटचा रखडवणारा दिसत नाही: मेमरीत साठलेलं लिखाण. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेली माहिती साठू देतो. ३२ जीबीच्या यंत्रावर ती काही जीबी होते, आणि यूएसबीला लावलेल्या बॅकअप डिस्कवर तेवढं उतरवायला मिनिटं लागतात. स्वॅपचंही तसंच. तो बंद करताना त्यातली प्रत्येक गोष्ट परत रॅममध्ये आणावी लागते.

दोषी शोधण्याच्या साधनांबद्दल एक गैरसमज आहे. 'सिस्टमडी-अॅनलाइझ ब्लेम' ही आज्ञा चालू होण्याचा वेळ सांगते, बंद होण्याचा सांगत नाही. बंद होण्यासाठी आधीच्या बूटचं जर्नल वाचावं लागतं आणि त्यासाठी ते डिस्कवर कायम साठवलेलं हवं. अनेक ठिकाणी ते फक्त मेमरीत असतं आणि रीबूटबरोबर पुसलं जातं. म्हणून जर्नलचं साठवण 'पर्सिस्टंट' करणं हे या कामातलं पहिलं पाऊल. त्यानंतर सर्व्हर बंद होत असताना दुसऱ्या कन्सोलवरून 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स' चालवलं की कोणती कामं अडली आहेत ते नावानिशी दिसतं. मात्र तोवर लॉगिन बंद झालेलं असतं. त्यासाठी सिस्टमडीत 'डीबग-शेल' नावाची सर्व्हिस आहे. ती नवव्या कन्सोलवर पासवर्डशिवाय रूटचा शेल उघडते आणि अगदी शेवटपर्यंत जिवंत ठेवते. तपास झाला की ती आठवणीने बंद करावी, कारण कीबोर्डपर्यंत पोचलेल्या कुणालाही ती पूर्ण ताबा देते.

सर्वांत शेवटच्या टप्प्यात जर्नलही थांबलेलं असतं. तिथलं काही हवं असेल तर सिस्टमडीच्या 'सिस्टम-शटडाऊन' फोल्डरमध्ये एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी, जी कर्नलचा लॉग डिस्कवर फाइलमध्ये लिहून ठेवते. पुढच्या वेळी चालू झाल्यावर ती फाइल वाचायची. डी अवस्थेत अडकलेल्या प्रोसेससाठी सिसआरक्यूचं 'डब्ल्यू' अक्षर उपयोगी पडतं: अडकलेलं प्रत्येक काम कर्नलमध्ये नेमकं कुठे थांबलंय ते लॉगमध्ये उमटतं. यातलं काहीही करायला इंटरनेट लागत नाही. मुंबईहून घोलवडला उतरून वर चढणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं आहे, कारण दूरवरून रीबूट करताना एसएसएच आधीच तुटतं आणि पुढचं काही दिसत नाही. यंत्रात आयपीएमआयची सोय असेल तर तिच्यावरून पडदा दुरून दिसतो. साध्या डेस्कटॉपला सर्व्हर केलेलं असेल तर ती नसते.

रीबूटचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे पुन्हा चालू होणं, थोडक्यात सांगतो. यूईएफआय यंत्रावर 'सिस्टमडी-अॅनलाइझ' फर्मवेअरचा वेळ वेगळा दाखवतं. सर्व्हर वर्गाच्या यंत्रांत मेमरीची तपासणी आणि रेड कार्ड मिळून काही मिनिटं घेतात, त्यात लिनक्सचा दोष नसतो. एफएसटॅबमध्ये काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहिली तर ९० सेकंद वाट पाहिली जाते; 'नोफेल' लिहावं. केबल नसलेल्या पोर्टसाठी नेटवर्कची वाट पाहणारी सर्व्हिस दोन मिनिटं अडवू शकते. फक्त कर्नल बदलायचा असेल तर २००५ पासून असलेल्या केएक्सेकने फर्मवेअरचा टप्पा गाळता येतो आणि सिस्टमडी २५४ ने २०२३ मध्ये आणलेल्या 'सॉफ्ट-रीबूट'मध्ये कर्नलही तोच राहतो.

आता बॅटरी. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची एक लेड-अॅसिड बॅटरी असते. कागदावर ते ८४ वॅट-तास. सर्व्हर, स्विच आणि मॉनिटर मिळून २०० वॅट घेत असतील तर हिशेबाने २५ मिनिटं येतात. प्रत्यक्षात अशी बॅटरी इतक्या वेगाने रिकामी होताना आपली पूर्ण क्षमता देत नाही, इन्व्हर्टरमध्येही काही वीज जाते, आणि किनारपट्टीच्या उष्णतेत दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी निम्म्यावर येते. म्हणून वर्षातून एकदा तरी, महत्त्वाचं काम चालू नसताना आणि बॅकअप घेऊन झाल्यावर, यूपीएसचा प्लग काढून मिनिटं मोजावीत.

यूपीएसशी बोलायला 'नट' आणि 'एपीसीयूपीएसडी' ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. नट मूळ सेटिंगमध्ये यूपीएसने 'बॅटरी कमी' असं कळवल्यावरच बंद करायला सुरुवात करतं. एपीसीयूपीएसडी ५ टक्के चार्ज किंवा ३ मिनिटं उरल्यावर. म्हातारी बॅटरी हा इशारा देऊन लगेच मान टाकते. तुमचा सर्व्हर चार मिनिटांत बंद होत असेल तर ही मूळ सेटिंग तुमच्या उपयोगाची नाही. लाईट गेल्यावर ठरावीक मिनिटांनी बंद करायला लागावं, इशाऱ्याची वाट पाहू नये. नटमधला 'यूपीएसशेड' हेच काम करतो.

यात एक फट आहे जी फार थोडे जण बुजवतात. समजा सर्व्हर बंद व्हायला लागला आणि मधेच लाईट आली. यंत्र बंद होणं पूर्ण करतं, पण यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नसल्याने बोर्डाला 'वीज परत आली' हे कळत नाही आणि सर्व्हर सकाळपर्यंत बंद राहतो. शाळा भरल्यावर वर्गातली मुलं वाट पाहतात. यासाठी नट अगदी शेवटी यूपीएसला आपला पुरवठा तोडून पुन्हा देण्याची आज्ञा करतं. ती जुळवून, प्रत्यक्ष चाचणी करून घ्यावी. शिवाय बायोसमध्ये वीज आल्यावर 'नेहमी चालू' हा पर्याय निवडावा. 'आधीची स्थिती' निवडली तर नीट बंद केलेलं यंत्र बंदच राहील.

दुसरी एक वाट अशी, की यंत्र मुळात अचानक मरण सोसेल असंच बांधायचं. पालघर तालुक्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर इंटरनेट पोचवून पाहिलं. मोझिलाच्या २०१७ च्या स्पर्धेत तो पहिला आला. गावच्या टोकाला अशा प्रकल्पांचे वायफाय राउटर असतात तेव्हा ते कुणी 'शटडाऊन' करत नाही, प्लग निघतो आणि बसतो. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या राउटरच्या लिनक्समध्ये मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती असते आणि बदल वेगळ्या छोट्या थरात जातात, म्हणून ते चालतं. रास्पबेरी पायवरही आता असा ओव्हरले चालू करता येतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'क्लिक्स' प्रकल्पाने राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोरामच्या सरकारी शाळांत इंटरनेटशिवाय चालणारे सर्व्हर नेले. अशा शाळांमध्ये संध्याकाळी यंत्र बंद करणारा माणूस तंत्रज्ञ नसतो, शिक्षक असतो. ज्या यंत्रावर फक्त धडे आणि व्हिडिओ आहेत, ते वाचण्यापुरतंच ठेवावं. ज्यावर हजेरी, रुग्णांच्या नोंदी किंवा पुस्तकांची देवघेव आहे, तिथे मात्र नीट बंद होण्याला पर्याय नाही. एक्स्ट४ चं जर्नल फाइलसिस्टिमची रचना वाचवतं; शेवटच्या काही सेकंदांतली नोंद वाचवेलच असं नाही.

मी स्वतः हा क्रम पाळतो: जर्नल कायम करणे, एकदा बंद करून वेळ मोजणे, सर्वांत लांब साखळी शोधून तिचं कारण दूर करणे, पुन्हा मोजणे, बॅटरी मोजणे. बॅटरीच्या मिनिटांमधून सर्व्हरची मिनिटं वजा करून निदान सर्व्हरला लागतो तेवढाच वेळ पुन्हा हाताशी राहत नसेल, तर बॅटरी बदलावी किंवा आभासी यंत्रं कमी करावीत. मुदत कापायची वेळ आलीच तर ती फक्त त्या एका सर्व्हिसची कापावी, जिच्यापाशी लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांची सरसकट कापू नये.

आणि यंत्राशेजारी भिंतीवर मराठीत एक कागद असावा, कारण लाईट जाते तेव्हा खोलीत सर आणि बाई असतात, तंत्रज्ञ नसतो. त्यावर तीन गोष्टी पुरेत. पॉवरचं बटण एकदा दाबून लगेच सोडायचं. सिस्टमडी त्याला 'नीट बंद हो' असं समजतं. बटण चार-पाच सेकंद धरून ठेवायचं नाही, त्याने वीजच तुटते. पडद्यावर घड्याळ फिरत असेल तर ते संपेपर्यंत यूपीएसला हात लावायचा नाही, आणि घड्याळाच्या ओळीतलं नाव वहीत उतरवून घ्यायचं. पुढच्या भेटीत तपासाची सुरुवात त्या नावापासून होते.